यवतमाळ म्हणजे ‘हो’

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असतात. फक्त म्हणून दाखवायला सांगितलं की 15 च भरतात. बोटं मोजत माणूस यवतमाळ, बाभूळगाव, कळंब, राळेगाव असा झोकात निघतो, घाटंजीवरून पांढरकवड्याला उतरतो, वणी-मारेगाव करतो, मग एकदम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला उडी मारून दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी उरकतो, पुसद, महागाव, उमरखेड म्हणतो आणि थांबतो. एक बोट उभंच राहतं. तो झरी जामणी असतो. त्यात पुन्हा ज्याला सारं जग पांढरकवडा म्हणतं तो तालुका कागदावर केळापूर आहे. त्यामुळं एखादा हुशार माणूस पांढरकवडा आणि केळापूर दोन्ही मोजून 16 पुरे करतो आणि झरी जामणीचा पुन्हा निकाल लावतो.

जिल्ह्याचं कोणतंही काम म्हणजे एकच काम 16 वेळा. पत्र एक, पाकिटं 16. अहवाल एक, रकाने 16. संगणकाच्या भाषेत याला लूप म्हणतात. यादीतला एक तालुका घ्यायचा, त्याचं काम करायचं, मग पुढचा घ्यायचा आणि यादी संपली की थांबायचं. माणूस हे काम कंटाळून करतो आणि यंत्र न कंटाळता करतं, एवढाच फरक आहे असं माझ्या एका मित्राला वाटायचं. तो एका संस्थेचं संगणकाचं खातं सांभाळतो. संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण तिथला चहा अजून मला मिळतो. संस्थेची प्रत्येक तालुक्यात एक शाखा, प्रत्येक शाखेत एक संगणक आणि प्रत्येक संगणकात लिनक्स. लिनक्स फुकट असतं, ही गोष्ट संस्थेच्या कार्यकारिणीला फार लवकर पटली होती.

संस्थेला एक स्क्रिप्ट मिळाली होती. कोणीतरी पुण्याहून लिहून पाठवलेली, म्हणजे तिच्यावर शंका घेणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. काम साधं होतं. तालुक्यांची यादी वाचायची, प्रत्येक शाखेच्या संगणकावर एसएसएचनं शिरायचं, डिस्कमध्ये जागा किती उरली ते विचारायचं आणि पुढं जायचं. यादी इंग्रजी अक्षरांत, वर्णानुक्रमे. म्हणजे पहिला मान आर्णीचा.

स्क्रिप्ट चालवली. आर्णीत किती जागा आहे ते कळलं. मग स्क्रिप्ट संपली.

त्रुटी नाही, तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. एखादा कर्मचारी एका तालुक्याचा दौरा करून 16 तालुक्यांची डायरी भरतो आणि शांतपणे घरी जातो, तसं सगळं बिनबोभाट. संस्थेच्या साहेबांनी पडद्याकडं पाहून विचारलं, ‘बाकीचे तालुके?’ मित्रानं पुन्हा चालवली. पुन्हा आर्णी. दिवसभर शाखांचे फोन येत होते. ‘भाऊ, आमच्या मशिनीकडं कोणी फिरकलंच नाई.’ ‘आर्णीले गेल्ते म्हंते, मंग आमच्याकडं काऊन नाई?’ आर्णीला काहीतरी खास वागणूक मिळते आहे अशी कुजबुज सुरू झाली. मित्राची सासुरवाडी आर्णीची आहे, हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना आठवलं.

खरी गोष्ट अशी होती की आर्णीला खास काही मिळालंच नव्हतं. उलट उरलेले पंधराच्या पंधरा तालुके आर्णीत नेऊन सोडले होते आणि तिथं त्यांना कोणी उतरवूनही घेतलं नव्हतं.

युनिक्सच्या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला तीन वाटा जन्मतःच मिळतात. 0 नंबरच्या वाटेनं माल आत येतो, 1 नंबरनं बाहेर जातो आणि 2 नंबरच्या वाटेनं चुकांच्या तक्रारी जातात. (आपल्याकडं दोन नंबरनं काय काय जातं हा वेगळा विषय आहे.) लूपला यादी जोडली की ती 0 नंबरच्या वाटेवर येते. स्क्रिप्ट चालवणारा शेल तिथून एक ओळ वाचतो, आत जाऊन काम करतो, परत येऊन दुसरी ओळ वाचतो. इथवर ठीक. पण लूपच्या पोटात जो जो प्रोग्रॅम सुरू होतो, त्यालाही वारसाहक्कानं तीच 0 नंबरची वाट मिळते. यादीची वेगळी प्रत मिळत नाही. तीच यादी, आणि ती कुठवर वाचून झाली याची खूणही तीच, सामाईक.

सामाईक म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर विहिरीत चौघा भावांचा हिस्सा असतो, पण रात्री थ्री फेज लाइन आली की ज्याची मोटर आधी सुरू झाली त्याची विहीर. थोरला शहाणा असतो. बादलीभर घेतो, वाफ्यात टाकतो, परत येतो. तेवढ्यात धाकट्यानं बटण दाबलेलं असतं. थोरला दुसरी बादली सोडतो तेव्हा ती खाली खडकावर आपटते. आता थोरल्याचा स्वभाव असा की विहिरीत पाणी नाही म्हणजे ओलीत झालं, असं समजून तो घरी जाऊन झोपतो. शेल हा तो थोरला. यादी रिकामी दिसली म्हणजे यादी संपली, यादी संपली म्हणजे काम झालं.

धाकटा, म्हणजे एसएसएच, हा मात्र दुष्ट नाही. 1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू यलोनेन या संशोधकानं तो लिहिला. विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी चोरून पासवर्ड ऐकत बसलं होतं, त्यावरचा हा उपाय. त्या सुमारास आमच्याकडं रात्री दर उतरायची वाट बघत लोक एसटीडी बूथवर बसलेले असायचे आणि पासवर्ड चोरण्यासारखा कोणाकडं नव्हता. एसएसएचचं कामच मुळी इकडं बसलेल्या माणसानं टाइप केलेलं सगळं तिकडच्या यंत्रापर्यंत इमानदारीनं पोचवणं हे आहे. 0 नंबरवर काही दिसलं की तो उचलतो आणि पलीकडं धाडतो. पलीकडच्याला लागेल, नाही लागेल, आपण कोण ठरवणार? आर्णीच्या संगणकाला फक्त डिस्कची जागा सांगायची होती, त्याला तालुक्यांची यादी घेऊन करायचं काय होतं? त्यानं जागा सांगितली आणि दार लावून घेतलं. बाभूळगावपासून झरी जामणीपर्यंतचे तालुके उंबऱ्यावरच विरले.

यावर उपाय तीन आहेत. पहिला इतका छोटा आहे की मित्राला तो फोनवर सांगितला गेला तेव्हा त्याचा विश्वास बसेना. एसएसएचच्या पुढं डॅश एन लिहायचं. बस. म्हणजे एसएसएच 0 नंबरकडं पाहतच नाही. एसएसएचच्या माहितीपुस्तिकेत हे आधीपासून लिहिलेलं आहे, पण माहितीपुस्तिका वाचणारा माणूस मुळात स्क्रिप्ट पुण्याहून कशाला मागवेल? दुसरा उपाय सर्वांसाठी आहे. लूपमधल्या कोणत्याही प्रोग्रॅमच्या 0 नंबरला डेव्ह नल जोडून द्यायचं, म्हणजे कोरडी विहीर. सोड तिच्यात मोटर हवी तेवढी. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात भांडणच मिटतं. यादी 0 वर ठेवायचीच नाही. 0, 1, 2 हे नंबर ठरलेले, तेव्हा 3 नंबर मोकळा असतो. यादी तिथं जोडायची आणि शेललाच सांगायचं, बाबा रे, तू 3 वरून वाच: ओळ वाचायच्या रीड या हुकमाच्या पुढं डॅश यू आणि तीनचा आकडा. धाकट्याला त्या विहिरीचा पत्ताच माहीत नसतो.

मित्रानं डॅश एन टाकलं आणि जिल्हा सुरळीत फिरू लागला. आर्णीची बदनामी मात्र टिकली.

झरी जामणीचं दुखणं वेगळं होतं, ते डॅश एननं बरं होण्यासारखं नव्हतं. याआधी संस्थेत एक जुनी स्क्रिप्ट होती, ती एकेक ओळ वाचणारा व्हाईल-रीडचा लूप न वापरता सगळी यादी फॉरच्या लूपमध्ये ओतायची. शेलला मोकळी जागा दिसली की तो तिथं शब्द तोडतो. त्यामुळं झरी वेगळा आणि जामणी वेगळा, असे जिल्ह्यात 17 तालुके झाले. पुसदचा वेगळा जिल्हा करा ही मागणी किती जुनी आहे! ती तशीच पडून असताना कोणीही न मागता झरीचा आणि जामणीचा स्वतंत्र तालुका एका रात्रीत मंजूर झाला. मग मधे आडवी रेघ टाकून दोघांना पुन्हा जोडलं. रेघ टाकली तर पुण्याच्या व्हाईल-रीडवाल्या स्क्रिप्टमध्ये झरी-जामणी यादीतून गायबच होऊ लागला. तो यादीच्या शेवटी असतो आणि यादी टाइप करणाऱ्यानं शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नव्हता. ओळीच्या शेवटी एंटर नसेल तर रीड ती ओळ वाचतो खरा, पण वर ‘यादी संपली’ असंही सांगतो, आणि लूप तेवढंच ऐकून बाहेर पडतो. झरी-जामणी हातात असतो आणि गाडी सुटते. त्या भागातल्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटणार नाही. यादीच्या टोकाला असण्याचा अनुभव त्यांना संगणक येण्याच्या बराच आधीपासून आहे.

यादी विंडोजच्या नोटपॅडमध्ये केली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि शेलला ‘घाटंजी’ नव्हे तर ‘घाटंजी आणि काहीतरी’ अशा नावाचं गाव सापडत नाही, हेही तिथं घडून गेलं. त्यात फारसं विनोदी काही नाही. नुसता संताप येतो.

दारव्ह्याच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. त्यानं लग्नाच्या फिती लहान आकारात करायला एफएफएमपेग लूपमध्ये लावला. फायलींची नावं मराठीत: हळद, मांडव, वरात. आता एफएफएमपेग हा काम करता करता 0 नंबरकडं अधूनमधून डोकावणारा इसम आहे. मालकानं क्यूचं बटण दाबून थांबायला सांगितलं तर थांबता यावं म्हणून. डोकावतो आणि जे दिसेल ते तोंडात टाकतो. एसएसएच निदान सबंध यादी गिळतो, हा पुढच्या नावाचे दोन-चार घास तोडतो. इंग्रजी नाव असेल तर अक्षरं जातात. मराठीत आणखी मजा, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटांचं. एक बाइट खाल्ला तर उरलेल्या दोनांचं काहीच होत नाही, पडद्यावर काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह येतं. नेमके तीन खाल्ले तर वरातीची रात होते. अशा नावाची फाइल नाही म्हणून लूप कुरकुरतो, आणि वधूकडची मंडळी वरात कुठं गेली म्हणून विचारत राहतात. एफएफएमपेगला डॅश नोस्टडीन असं बजावलं की तो तोंड बंद ठेवतो.

पण या साऱ्यावर कडी केली वणीनं. म्हणजे वणीनं काहीच केलं नाही. वणीचं झालं.

संस्थेच्या मुख्य संगणकावर प्रत्येक शाखेच्या नोंदींच्या जुन्या प्रती साठत होत्या. त्या काढून टाकायच्या ठरल्या. साहेब सावध. म्हणाले, ‘विचारल्याशिवाय एकही काढायचं नाही.’ म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रश्न घातला: अमुक तालुक्याच्या जुन्या प्रती काढू का? उत्तराचं पहिलं अक्षर वाय असेल, म्हणजे येस, तर काढायचं. दुसरं काहीही असेल तर हात लावायचा नाही. याहून सुरक्षित काय असणार? फक्त यादी जोडलेली होती 0 नंबरला आणि प्रश्नाचं उत्तर घेणारा रीडही वाचत होता 0 नंबरवरूनच. साहेबांनी दुसरी सूचना केली ती यादी पाहून. ‘याला शीर्षक कुठाय?’ सरकारी-निमसरकारी माणसाला बिनशीर्षकाची यादी उघडी वाटते. यादीच्या डोक्यावर ‘तालुका’ अशी एक ओळ चढली.

आता काय झालं ते शांतपणे पाहा. स्क्रिप्टनं पहिली ओळ वाचली: ‘तालुका’. विचारलं, ‘तालुका’च्या प्रती काढू का? उत्तरासाठी हात पुढं केला, तिथं माणूस नव्हता, यादी होती. यादी म्हणाली, आर्णी. आर्णी वायनं सुरू होत नाही, तेव्हा नाही. मग विचारलं बाभूळगावचं. उत्तर आलं, दारव्हा. दिग्रसचं उत्तर घाटंजी. कळंबच्या प्रश्नावर केळापूर बोलला, महागावच्या प्रश्नावर मारेगाव. नेरचं काय करायचं याचं उत्तर म्हणून पुसद खर्ची पडला. ज्या पुसदनं महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले, त्याच्या शब्दाला एवढीच किंमत: नाही. राळेगावबद्दल उमरखेडला विचारलं, जिल्ह्याचं एक टोक इकडं तर दुसरं तिकडं. तोही नाही म्हणाला. मग आली वणी. वणीच्या प्रती काढू का?

यादी म्हणाली, यवतमाळ.

इंग्रजीत यवतमाळचं पहिलं अक्षर काय आहे ते वाचकांनी एकदा मनात लिहून पाहावं.

बाकी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. निम्म्या तालुक्यांना विचारलं गेलं, निम्मे उत्तर म्हणून वापरले गेले, आणि साऱ्यांत एकट्या वणीला जिल्ह्याच्या मुख्यालयानं होकार दिला. शेवटी झरी-जामणीचा प्रश्न आला तेव्हा उत्तर द्यायला यादीत कोणी उरलंच नव्हतं.

हे मला कळलं तेव्हा मी इतिहासाची आठवण करून दिली, कारण तेवढाच माझा उपयोग. इंग्रजांच्या काळात आपल्या जिल्ह्याचं नाव वणीवरूनच होतं, वूण जिल्हा. 1905 साली पुसद जोडून जिल्ह्याची नवी मांडणी झाली आणि वणीचं नाव जाऊन यवतमाळ आलं. म्हणजे यवतमाळनं वणी पुसण्याची ही दुसरी वेळ. मित्राला हा विनोद आवडला नाही. वणीच्या शाखेतून फोन चालू होता. ‘भाऊ, आमचंच काऊन उडवलं? आमी कोनाचं घोडं मारलं व्हतं?’

साहेबांचं म्हणणं होतं की प्रश्न पडद्यावर आलाच नाही, आला असता तर त्यांनी थांबवलं असतं. ते खरं बोलत होते. बॅश शेलची एक रीत आहे. रीडला डॅश पी लावून प्रश्न दिला असेल तर तो प्रश्न पडद्यावर तेव्हाच उमटतो जेव्हा उत्तर कीबोर्डवरून, म्हणजे माणसाकडून येणार असेल. उत्तर फाइलमधून येणार असेल तर प्रश्न विचारण्याचं कारण काय? असा तो विचार करतो. प्रश्न विचारत नाही. उत्तर मात्र घेतो. ही पद्धत मी संगणकाबाहेरही पाहिली आहे, पण तिथं ती कोणी माहितीपुस्तिकेत लिहून ठेवलेली नाही.

वणीच्या प्रती दुसऱ्या एका डिस्कवर सापडल्या, त्यामुळं प्रकरण चहावर निभावलं. मग दुरुस्ती. यादी नेली 3 नंबरला आणि प्रश्नाचं उत्तर घ्यायचं ठरलं डेव्ह टीटीवायवरून. टीटीवाय म्हणजे जुन्या टेलिटाइपचं नाव. आज त्याचा अर्थ एवढाच की समोर बसलेल्या जिवंत माणसाचा कीबोर्ड. फाइल नाही, यादी नाही, वारसाहक्क नाही. आता प्रश्न पडद्यावर उमटू लागला. एकच अडचण उरली. ही स्क्रिप्ट पुढं रात्री दोन वाजता क्रॉन आपोआप चालवणार होता, आणि क्रॉनच्या दुनियेत माणूसही नसतो, कीबोर्डही नसतो. डेव्ह टीटीवाय उघडायला गेलं की तिथं तसलं काही यंत्रच नाही, असा निरोप येतो.

साहेबांनी तोडगा काढला. रात्री माणूस लागतो ना? मग संस्थेत रात्रपाळीचा चौकीदार आहे. त्याला टर्मिनलसमोर बसवा, प्रश्न आला की उत्तर देईल. सगळ्या तालुक्यांच्या प्रती काढायच्या आहेत, तेव्हा सगळ्यांना होकारच द्यायचा आहे. यात चुकण्यासारखं काय आहे?

सकाळी डिस्क होती तशीच तुडुंब भरलेली. एकही प्रत निघाली नव्हती. चौकीदाराला बोलावलं. तो बिचारा रात्रभर जागा होता आणि आपलं काम चोख झालं याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ‘म्या त सबन हाव लिवलं, साहेब. सतराच्या सतरा डाव.’ मित्रानं पडद्यावर मागं जाऊन पाहिलं. व्हॉट्सॲपवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय झालेल्या माणसानं प्रत्येक तालुक्याच्या प्रश्नापुढं स्वच्छ टाइप केलं होतं: एच, ए, व्ही. हाव. शेलनं पहिलं अक्षर पाहिलं, ते वाय नव्हतं, आणि शीर्षक धरून सतराही वेळा त्याचा अर्थ नाही असा घेतला.

मित्रानं चौकीदाराला बदलायच्या ऐवजी स्क्रिप्ट बदलली, हे मला त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. वायबरोबर एच आला तरी होकार धरायचा, अशी ओळ त्यानं घातली. घालण्यापूर्वी मात्र एकदा पोळल्यामुळं सगळी यादी पुन्हा डोळ्यांखालून घातली, अगदी शीर्षकासकट. एचवरून सुरू होणारा एकही तालुका यवतमाळ जिल्ह्यात नाही. हिंगोलीवाल्यांनी आपलं आपण पाहावं.